सईला हो म्हणू का?

गणपतीपुळे, रात्री साडेनऊ

प्रिय माधे,

दिवाळीपासून ना पत्र, ना फोन. रागावली असशील. रागाव, पण आधी हे वाच. तब्येत बरी आहे, गुडघे कुरकुरतात, ते असो.

सई एकटी सायकलवर अलिबाग ते गोवा जायचं म्हणतेय. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. रजा टाकली, सायकल काढली आणि तिच्या रस्त्यावर आधी मीच आले. अविनाशला सांगितलं, जरा समुद्र बघून येते. खरं कारण तुलाच सांगतेय.

आज गुहागर ते गणपतीपुळे. नकाशात रस्ता समुद्राला धरून जाताना दिसतो. प्रत्यक्षात तो सारखा खाली-वर होतो. गाव खाली, नारळी-पोफळीत. गाव संपलं की चढ, वर सडा. सड्यावर जांभा आणि वाळकं गवत, सावलीचं नाव नाही. मग उतार, की पुढचं गाव. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, दर वेळी तेच. पसरणीचा घाट एकदा चढलं की संपतो तरी. (तो मी नंतर चढले, तुझ्याशिवाय. १९९८ साली तू आप्पांना सांगितलं नसतंस तर दोघींनी चढलो असतो. त्यांना आपोआप कळलं, असं तू अजून म्हणतेस. आपोआप काही कळत नाही, तुझा चेहरा वाचता येतो.)

उतारावर वळणावळणाला बारीक खडी. ब्रेक दाबून दाबून बोटं वळेनात. आणि आमची सई उतारावर ब्रेकला हात लावत नाही, हे तू सिंहगडाला पाहिलंयस.

हेदवीला बामणघळीपाशी थांबले. ओहोटी होती, घळीत पाणी नुसतं गुरगुरत होतं. एवढी जागा, आणि मी काय बघितलं, तर फोनला रेंज आहे का. दिवसभर हेच. इथे पाणी कुठे मिळेल, हे कुत्रं अंगावर येईल का, या बागेत राखणदार आहे की नुसतंच कुंपण. आंब्याला मोहोर आलाय, सगळीकडे त्याचा वास, आणि मी कुंपणं मोजत चाललेय.

हेदवीच्या पुढे सड्यावर मागचं चाक बसलं. सामान उतरवलं, सायकल उलटी केली, टायरच्या आतून हळूहळू बोट फिरवलं. तारेचा बारीक तुकडा निघाला, केसाएवढा. नवी ट्यूब घालत होते तेवढ्यात एक मोटरसायकल पुढे गेली, थांबली, वळून परत आली. दोन पोरं. रस्त्यावर दुसरं कुणी नाही. मी हातातला पंप घट्ट धरला. दगड कुठे आहे तेही बघून ठेवलं.

"काकी, हवा भरायचीय काय? द्या इकडं."

भरली त्याने हवा. दुसरा सायकल धरून उभा राहिला. मग म्हणाला, "जेटी सुटंल, लवकर निघा." (जेटी म्हणजे तवसाळहून खाडीपलीकडे जयगडला नेणारी फेरीबोट, जंगलजेटी.) गेले. बास, एवढंच झालं. माझे हात मात्र तवसाळ येईपर्यंत थरथरत होते.

माधे, पंक्चर काढायला मी सईला शिकवलंय, चेन पडली की काय करायचं तेही तिला येतं. पण मोटरसायकल वळून परत आली की काय करायचं, हे कसं शिकवू? घाबर म्हणू? ती पोरं चांगली होती, सई त्यांच्याशी गप्पा मारत बसली असती, फोटो काढले असते. मला दगड दिसला. पंचवीस-तीस वर्षं बसमध्ये, रस्त्यावर, ऑफिसच्या जिन्यात जे जे झालं त्यातून हे डोळे तयार झालेत. तिला ते नाहीत याचा मला आनंद आहे, आणि त्याचीच धास्ती वाटते. हे अविनाशला सांगून कळत नाही. तो म्हणतो, ग्रुपबरोबर पाठव. अरे, तिला एकटीलाच जायचंय!

जंगलजेटीवर मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका होत्या. "येकलीच?" एकीने विचारलं. दिवसभर सगळ्यांनी हेच विचारलं. मागे अविनाश इथून सायकलवर गेला तेव्हा त्याला सगळे "कुठून आलात?" विचारायचे. पण त्या बाईने पुढे माझ्या हाताला धरून बाकावर जागा करून दिली आणि जयगड येईस्तोवर स्वतःच्या लेकीबद्दल बोलत राहिली.

मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकापाशी पाणी प्यायले आणि तू आठवलीस. स्पर्धेत दुसरं कडवं विसरलीस म्हणून पहिलंच दोनदा म्हणालीस, आणि मोरेबाईंनी डोळे पुसले!

सई एप्रिलमध्ये निघायचं म्हणतेय, परीक्षा झाल्या झाल्या. इथे फेब्रुवारीतच अकरा वाजल्यानंतर सड्यावर जीव नकोसा होतो. दिवाळीनंतर जा म्हणून सांगायचं, असं मी येताना ठरवलं होतं. पण हे उन्हासाठी आहे की नुसतं पुढे ढकलतेय, हे माझं मलाच सांगता येत नाही. आप्पाही "पावसाळा होऊ दे, मग बघू" म्हणाले होते. आप्पांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि आज सड्यावर मनातल्या मनात मी त्यांचंच वाक्य म्हणत होते. पहाटे पाच ते दहा चालव, दुपारी गावात थांब, असं सांगून एप्रिलमध्येही पाठवता येईल. येईल ना?

तुझ्या बदलीचं काय झालं? सासूबाईंचा मोतीबिंदू निघाला का? नीरजला सांग, मावशीने त्याचं पुस्तक हरवलेलं नाही.

मला पत्रानेच उत्तर दे. फोनवर तू मला दोन मिनिटांत हो म्हणायला लावतेस. आणि तू तेव्हा घाबरली होतीस की आप्पांनी घाबरवलं होतं, तेही या वेळी खरं लिही. सईला मी महिनाअखेर सांगणार आहे.

तुझी,
विजू