गोमटेशाच्या पायाशी दोन मराठी ओळी

पुणे,
दि. १४ फेब्रुवारी

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

गेली वीस वर्षे तू "एकदा बेळगोळला जाऊन ये" असे बजावत होतास आणि मी दरवर्षी काहीतरी सबब काढत होतो. अखेर गेल्या आठवड्यात हासनला चार दिवस मुक्काम केला आणि श्रवणबेळगोळ, हळेबीड व बेलूर ही तिन्ही ठिकाणे पाहून आलो. फोनवर सांगण्यासारखे हे नव्हे, म्हणून सवडीने लिहायला बसलो आहे.

सकाळी लवकर चढायला लाग, असे तू सांगितले होतेस. मी न्याहारी आटोपून, तळ्याकाठी रेंगाळून, अकरा वाजता मूर्तीची टेकडी विंध्यगिरी चढू लागलो, त्याची शिक्षा यथास्थित मिळाली. अखंड खडकात कोरलेल्या त्या साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या अनवाणी चढायच्या आणि खडक तर तव्यासारखा तापलेला. पायथ्याशी मोजे विकणाऱ्या बाईंना मी ऐटीत "नको" म्हणालो होतो. उतरताना त्यांच्या नजरेला नजर देण्याची माझी हिंमत झाली नाही.

गोमटेशाच्या, म्हणजे बाहुबलीच्या, मूर्तीविषयी तुला मी काय सांगणार? कुंभोजच्या बाहुबलीच्या सावलीत तुझे बालपण गेले. तरीही सत्तावन्न फुटांची ती काया दारातून आत शिरताच एकदम समोर येते, तेव्हा आकड्याचा विसर पडतो. मला सर्वांत जवळचे वाटले ते तिचे पाय. दोन्ही बाजूंना वारुळे, त्यांतून डोकावणारे साप, मांड्यांवरून दंडांपर्यंत चढत गेलेली माधवीची वेल, आणि वर त्या सगळ्याची दखलही न घेणारा चेहरा. मी मात्र मान वर करण्याऐवजी खाली वाकून पाहत होतो, कारण ज्याच्यासाठी गेलो होतो ते खालीच होते.

शाळेत आपल्याला पाठ करायला लावलेल्या त्या दोन ओळी: "श्री चावुण्डराजें करवियलें" आणि "श्री गंगराजें सुत्ताले करवियलें". गंग राजांचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस मूर्ती करवली, आणि होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज याने बाराव्या शतकाच्या आरंभी तिच्याभोवतीचे आवार, म्हणजे सुत्ताले, करवले. पहिली ओळ चावुंडरायाच्या काळातली की दोन्ही ओळी गंगराजानेच कोरवल्या, हा वाद जुना आहे. मी लिपितज्ज्ञ नव्हे, पण मला दोन्हींचे वळण एकाच हाताचे वाटले. "राजें" हे रूप वाचताना "ज्ञानदेवें" आठवते आणि हजार मैलांवर नव्हे, घरच्याच ओसरीवर कोणी बोलते आहे असे वाटते. (गोव्यातले आपले स्नेही हीच ओळ कोकणी म्हणून सांगतात, त्या भांडणात मी पडत नाही.)

मराठीतला आद्य शिलालेख म्हणून आपण या ओळींचा केवढा अभिमान मिरवला! आता अलिबागजवळच्या अक्षी गावचा शके ९३४ चा लेख त्याहून जुना मानला जातो, तेव्हा तो मान तसाही गेलाच. पण तिथे उभे राहिल्यावर मला वाटले की आपण अभिमानाची जागाच चुकलो. तीच माहिती शेजारी कानडीत आहे, तमिळातही आहे. म्हणजे हा कोणा मराठी राजाचा पराक्रम नव्हे. दूरदूरहून येणाऱ्या यात्रेकरूंना आपापल्या भाषेत वाचता यावी अशी ती पाटी आहे. पाटी लावणाऱ्याला ठाऊक होते की मराठी वाचणारी माणसे ही टेकडी चढून येतात. तुझ्या घरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जी वाट चालत आली, ती नऊशे वर्षांपूर्वीही वाहती होती, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

त्यानंतर या गंगराजाने माझी पाठ सोडली नाही. समोरच्या चंद्रगिरीवर, जिथे जैन आचार्य भद्रबाहूंची गुहा आहे आणि चंद्रगुप्त मौर्याने अखेरचे दिवस काढले असे परंपरा सांगते, तिथे गंगराजाने आपली आई पोचव्वे हिच्यासाठी बांधलेली कत्तले बसदी, म्हणजे जैन मंदिर, आहे. कत्तले म्हणजे अंधार, आणि आत खरोखरच डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही. जवळच विष्णुवर्धनाची राणी शांतला हिची सवतिगंधवारण बसदी; सवतींना मत्त हत्तीसारखी भारी पडणारी, ही तिची पदवी देवळालाच चिकटली आहे! टेकडीवर जागोजाग सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचे जैन व्रत, घेतलेल्यांचे लेख आहेत. तिथे गर्दी नव्हती, मी दोन तास एकटाच हिंडलो. विंध्यगिरीपेक्षा मला ही ठेंगणी टेकडी अधिक आवडली, हे तुला कदाचित रुचणार नाही.

हळेबीडला सगळे प्रवासी होयसळेश्वराच्या देवळाच्या भिंतींपाशी थांबतात, आणि त्या भिंती आहेतच तशा. हत्तींच्या रांगेपासून वरच्या देवदेवतांपर्यंत बोटभर जागा रिकामी नाही. मला मात्र थोड्या अंतरावरच्या बस्तीहळ्ळीत जायचे होते. तिथली पार्श्वनाथ बसदी गंगराजाचा मुलगा बोप्प याने वडिलांच्या स्मरणार्थ ११३३ मध्ये बांधली. बाहेरून साध्या भिंती, आत काळेभोर खांब इतके गुळगुळीत की त्यांत मला माझा चेहरा दिसला, तोही किंचित वाकडा. रखवालदाराने हे कौतुक मला दोनदा दाखवले.

बेलूरवर मी थोडक्यात आटोपतो, कारण तिथल्या मदनिकांची, म्हणजे देवळावरच्या कोरीव स्त्रीमूर्तींची, वर्णने तू पुष्कळ वाचली असशील. चेन्नकेशवाचे ते देऊळ १११७ चे. राजा विष्णुवर्धन वैष्णव झाला, राणी शांतला शेवटपर्यंत जैन राहिली, आणि सेनापती जैन बसद्या बांधत राहिला. एका घरात दोन देव्हारे असणे आपल्याकडेही अनेकांना नवे नाही, तरी राजवाड्यात ते इतक्या सहज नांदले याचे मला अप्रूप वाटले.

आता तुझ्या आईंचे काम. १९८१ च्या सहस्राब्दी महामस्तकाभिषेकाला त्या गेल्या होत्या आणि तिथली गुल्लकायज्जी या म्हातारीची मूर्ती "अजून तशीच उभी आहे का" ते पाहून यायला त्यांनी मला सांगितले होते. चावुंडरायाने घागरींवर घागरी ओतूनही दूध मूर्तीच्या पायांपर्यंत पोहोचेना, आणि या म्हातारीच्या फळाच्या करवंटीतल्या घोटभर दुधाने सारी मूर्ती न्हाऊन निघाली, ही गोष्ट मी त्यांच्याच तोंडून प्रथम ऐकली. तर त्यांना सांग, की आवाराच्या दाराबाहेर, गोमटेशाकडे तोंड करून, हातातले ते फळ सांभाळत आजी तशीच उभी आहे. मी गेलो तेव्हा तिच्या पायाशी कोणीतरी शेवंतीचे एकच फूल ठेवले होते. फोटो सोबत पाठवत आहे. मोठ्या आकारात छापून घेतला आहे, म्हणजे त्यांना चष्म्याशिवाय दिसेल.

आईंना सा. नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत