डॉलरचा लॉट बंद, निफ्टीचा पंधरा लाखांचा उघडा : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. अर्थमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया, सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाची तक्रार निकाली निघाली. निकाली म्हणजे नुसती बंद झाली. एका फॉरेक्स (परकीय चलनाच्या सौद्यांच्या) ॲपमध्ये त्याचे पैसे अडकले आहेत. स्क्रीनवर डॉलरमध्ये शिल्लक दिसते, पण पैसे काढायला गेले की शिलकीच्या वीस टक्के ‘कर’ आधी भरा असा निरोप येतो. तो भरला की वेगळ्या नावाने आणखी एक रक्कम मागतात. पैसे गेले कुठे, तर यूपीआयने कुणा अनोळखी माणसाच्या बचत खात्यात. तक्रार घेणाऱ्या साहेबांनी भावालाच सुनावले की असल्या ॲपवर व्यवहार करणे म्हणजे फेमाचे (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचे) उल्लंघन, फार ताणलेत तर तुमच्यावरच शेकेल. आई तेव्हापासून धड जेवलेली नाही.

हा मुलगा तिथे का गेला, हे मला आपल्याला सांगायचे आहे.

29 ऑगस्ट 2008 ला आपल्याच देशात, आपल्याच एक्स्चेंजवर डॉलर-रुपयाचे वायदे (आज भाव ठरवून पुढच्या तारखेला मिटवायचे सौदे) सुरू झाले. एक लॉट, म्हणजे सौद्याचे किमान माप, हजार डॉलरचा. भाव दहा पैसे हलला तर शंभर रुपयांचा फायदा किंवा तोटा. मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) दोन-तीन हजारांच्या घरात. समोर सौदा पुरा करण्याची हमी देणारे क्लिअरिंग कॉर्पोरेशन, त्यामुळे समोरच्याने पैसे बुडवण्याची धास्ती नाही, आणि सौदा रुपयांतच मिटणार. मी नोकरी सांभाळून वर्षानुवर्षे हाच सेगमेंट, म्हणजे बाजाराचा हाच विभाग, केला. रोजचा भाव, अमेरिकी व्याजदर, तेलाची आयात, सगळे याच बाजाराने शिकवले. लहान खिशाच्या माणसाला परवडेल असा दुसरा वायदेबाजार मला तरी सापडला नाही.

2014 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ठराविक मर्यादेपर्यंत वायद्यामागचा मूळ व्यवहार सिद्ध करण्याची गरज नाही असे म्हटले होते. त्या भरवशावर आम्ही आलो. मग 5 जानेवारी 2024 चे परिपत्रक आले : कागद दाखवू नका, पण आयात-निर्यातीसारखा खरा व्यवहार मात्र पाठीशी असलाच पाहिजे. वर खुलासा, की धोरण पहिल्यापासून हेच होते. एप्रिलमध्ये ब्रोकरचे मेसेज आले, पोझिशन (चालू सौदे) मोकळ्या करा, नाहीतर असा खरा व्यवहार असल्याचे हमीपत्र द्या. त्या दोन-चार दिवसांत डॉलरच्या ऑप्शनचे (ठराविक भावाला घेण्या-विकण्याच्या हक्काचे) भाव अक्षरशः वेडेवाकडे धावले. 5 एप्रिलची मुदत 3 मेपर्यंत वाढली खरी, पण तोवर आमच्यासारखे मिळेल त्या भावाला बाहेर पडून बसले होते. त्या तोट्याची भरपाई कोणी विचारलीसुद्धा नाही. खोटे हमीपत्र द्यायला मी तयार नव्हतो, म्हणून माझा धंदा बंद झाला. ज्यांनी डोळे मिटून सही केली त्यांचे काय झाले, हेही मला कळलेले नाही.

आता बाकीचे बाजार पाहा. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्याच अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शेअर वायदे-ऑप्शनमध्ये 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. पुढच्या वर्षी 91 टक्के. तो बाजार उघडा आहे. उलट नोव्हेंबर 2024 पासून इंडेक्सचा (निफ्टीसारख्या निर्देशांकाचा) नवा काँट्रॅक्ट किमान पंधरा लाखांचा झाला, म्हणजे लहान माणसाचा घास आणखी मोठा. कच्च्या तेलाचा सौदा करणाऱ्याकडे कोणी रिफायनरीचा पुरावा मागत नाही, आणि याच तेलाचा वायदा एप्रिल 2020 मध्ये एमसीएक्स या कमोडिटी एक्स्चेंजवर उणे 2,884 रुपयांना सेटल झाला होता! क्रिप्टोवर 30 टक्के कर घेता, पण मनाई नाही. फक्त आपल्या रुपयाच्या भावावर मत मांडायला निर्यातदार असावे लागते. हा कुठला न्याय?

सरकारला शेअर वायद्यांवर एसटीटी आणि तेलावर सीटीटी हे व्यवहार कर मिळतात. चलन वायद्यांवर यातले काहीच मिळत नाही. म्हणूनच आमचा बाजार बंद केला, हा माझा संशय मी लपवत नाही, तो खोडून काढा.

चलनाचा बाजार जगभर दिवसाला 9.6 लाख कोटी डॉलरचा आहे, बीआयएसच्या (मध्यवर्ती बँकांच्या आंतरराष्ट्रीय बँकेच्या) 2025 च्या सर्वेक्षणातला आकडा. त्यात उतरायची तरुणांची ओढ परिपत्रकाने मरत नाही. ती ॲपकडे वळते, जिथे पाचशे पट लिव्हरेज मिळते, म्हणजे खिशातल्या पैशाच्या पाचशे पट सौदा करता येतो, स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावातला फरक) ॲपवालाच ठरवतो आणि आपल्या सौद्यात समोर उभा असतो तोही तोच. युरोपने 2018 मध्ये हीच लिव्हरेज प्रमुख चलनांसाठी तीस पटीवर आणली, बाजार बंद नाही केला. आपल्याकडे सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेची अनधिकृत प्लॅटफॉर्मची 34 नावांची यादी निघाली, नोव्हेंबर 2023 पर्यंत ती 75 वर गेली. यादी निघते, पण जाहिराती चालूच. त्यातला एक तर आयपीएल संघाचा प्रायोजक होता. यादीत नाव आले की त्याची खाती त्याच दिवशी का गोठत नाहीत? प्रामाणिकपणे केवायसी करणारा, कर भरणारा माणूसच या व्यवस्थेला सापडतो. चोर सापडत नाही आणि लुटलेल्याला दरडावले जाते. बँक म्हणते पोलिसांकडे जा, पोलीस म्हणतात बँकेकडे जा, आणि पोर्टलवर ‘योग्य विभागाकडे वर्ग’ एवढेच दिसते.

रिझर्व्ह बँक स्वायत्त आहे, हे उत्तर कृपया पाठवू नका. फेमा संसदेचा कायदा आहे आणि संसदेत आपण बसता. वैयक्तिक ट्रेडरला मूळ व्यवहाराच्या अटीशिवाय ठराविक लॉटची मुभा द्या. दहा लॉट द्या, पाच द्या, पण एक्स्चेंजवर द्या. आणि ॲपने लुटलेल्या माणसाची तक्रार त्याला आरोपी न ठरवता नोंदवून घेण्याचे लेखी आदेश काढा. माझ्या भावाची बंद केलेली तक्रार त्या आदेशाखाली सर्वांत आधी उघडा.

आपला,
चलन सेगमेंटमधून बाहेर काढलेला एक ट्रेडर