तिजोरी शब्द मोडते तेव्हा : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

राजसत्ता उलथवणाऱ्या क्रांत्या पोटातून होत नाहीत, त्या चिथावणीखोरांच्या डोक्यातून निघतात, असे आपण गेल्या आठवड्यातील भाषणात म्हणालात. त्याच दिवशी मला कोषागाराचे पत्र मिळाले. निवृत्तिवेतनाच्या फरकाची जी रक्कम तीन महिन्यांत देण्याचे आश्वासन आपण स्वतः दिले होते, ती आता ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ मिळेल, असे त्यात लिहिले आहे. तीस वर्षे इतिहास शिकवल्यामुळे या दोन गोष्टी मला वेगळ्या वाचता येत नाहीत.

आपले म्हणणे अगदीच निराधार नाही, हे मी मान्य करतो. १७०९ च्या कडाक्याच्या हिवाळ्यानंतर फ्रान्समध्ये लाखो माणसे भुकेने आणि रोगराईने मेली, तरी चौदाव्या लुईचे सिंहासन हलले नाही. मग १७८९ मध्ये सोळाव्या लुईचेच का हादरले? १७८८ च्या जुलैत गारपिटीने उभे पीक झोडपले. पॅरिसमध्ये चार पौंडी पाव नऊ सूंवरून (सू हे तेव्हाचे फ्रेंच नाणे) काही महिन्यांत साडेचौदा सूंवर गेला, आणि तेथला मजूर दिवसाला वीस-तीस सू कमावत होता. त्याच सुमारास राजाच्या खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग कर्जाच्या व्याजात जात होता. १६ ऑगस्ट १७८८ रोजी तिजोरीने राज्याला कर्ज दिलेल्यांना रोख रकमेऐवजी अंशतः कागद देण्याचे जाहीर केले, आणि त्या महिन्याअखेर अर्थव्यवहार पाहणाऱ्या ब्रिएनला पायउतार व्हावे लागले. सरदार आणि धर्मगुरू मात्र बहुतेक करांतून सुटलेलेच राहिले. पुढच्या वर्षी राजाने गावोगावच्या लोकांकडून गाऱ्हाणी लिहून मागवली. लोकांनी ती विश्वासाने लिहिली, आशा वाढली आणि पावही महागतच गेला. ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावसात राजवाड्याच्या गावी, व्हर्सायकडे चालत निघाल्या, तेव्हा त्यांच्या तोंडी पहिली मागणी पावाची होती.

गाऱ्हाणी मीही लिहिली, महोदय. चार अर्ज केले, दोनदा हयातीचा दाखला दिला, प्रत्येक टेबलाने पुढचे टेबल दाखवले. माझ्या पत्नीला रोज एक गोळी घ्यायची असते. गेल्या दोन महिन्यांपासून ती सुरीने गोळीचे दोन तुकडे करते आणि दुसरा तुकडा उद्यासाठी कागदात गुंडाळून ठेवते. मी समोर बसलेला असतो आणि मला काही बोलता येत नाही. ज्यांनी आमची रक्कम पुढे ढकलली, त्यांचे स्वतःचे वेतन एक दिवसही उशिरा झाले असेल, असे मला वाटत नाही, आणि मला खुपते ते नेमके हेच.

रशियात फेब्रुवारी १९१७ मध्ये देशातले धान्य संपले नव्हते. ते रेल्वेने राजधानी पेट्रोग्राडला पोहोचत नव्हते. पावाच्या रांगांत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या आयांचा संयम सुटत चालला आहे, हे झारच्या गुप्त पोलिसांनीच वरिष्ठांना कळवले होते. त्याच बायकांनी महिला दिनी (तेव्हाच्या रशियन पंचांगात तो फेब्रुवारीत येई) गिरण्या सोडल्या आणि आठवडाभरात झार निकोलसने पदत्याग केला. इथिओपियात वोलो प्रांताच्या दुष्काळात माणसे मरत असताना सम्राटाच्या दरबाराने तो झाकून ठेवला. १९७४ मध्ये पेट्रोल महागले तेव्हा टॅक्सीचालकांनी संप केला, शिक्षक आणि सैनिकही उठले, आणि सप्टेंबरमध्ये सम्राट हैले सेलासी पदच्युत झाले. यातले कोणते पोट चिथावणीखोरांनी रिकामे केले होते?

भूक माणूस सोसतो. ती आपल्यालाच सोसायला लावली जाते आणि दिलेला शब्दही पाळला जात नाही, हे दिसल्यावर तो सोसत नाही. माझे गाऱ्हाणे आता फक्त आपल्याशी राहिलेले नाही. ज्या कारभारात टंचाईचा पहिला वाटा नेहमी खालच्यांच्या ताटात पडतो, त्या सगळ्या कारभाराशी ते आहे.

कोषागाराच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे. ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ हे शब्द खोडून तेथे तारीख लिहावी आणि ती प्रत मला परत पाठवावी.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक