वाजणारा मॉनिटर आणि एकटी सिस्टर

मा. संपादक,

‘अलार्म वाजत होता, सिस्टर फिरकल्याच नाहीत’ अशा बातम्या अधूनमधून येतात. नातेवाइकांचा संताप खोटा नसतो. पण बातमी चौकशी आणि निलंबनापाशी थांबते, खाटेशेजारचा नाडी-ऑक्सिजन दाखवणारा मॉनिटर मात्र तसाच वाजत राहतो. नोकरीची बरीच वर्षे आयसीयूत गेली, म्हणून लिहिते.

कपाशीवर फवारणी सुरू झाली की आमच्याकडे विषबाधेचे पेशंट येतात. २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते वाचकांना आठवत असेल. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा असली की छातीतली घरघर थांबेपर्यंत ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध द्यावे लागते. त्याने नाडी वाढते, ती वाढणारच. ज्यापुढे अलार्म वाजतो ती मॉनिटरवरची नाडीची मर्यादा मात्र बहुधा कंपनीने ठेवलेल्या १२० वरच असते. नाडी १२८, मॉनिटर बोंबलतो. सिस्टर येते, पेशंट बघते, बटण दाबते. दोन मिनिटांनी पुन्हा तेच, रात्रभर. बऱ्याच मॉनिटरवर हे बटण दाबले की ऑक्सिजनचा अलार्मही तेवढा वेळ गप्प बसतो, आणि या पेशंटला गरज असते ती त्याचीच. दोन-तीन दिवसांनी घरचे ‘आता उतार आहे’ म्हणत असतानाच काहींच्या मानेतली ताकद जाते, उशीवरून डोके उचलवत नाही, पाठोपाठ श्वास मंदावतो.

मर्यादा १४० करायला अर्धा मिनिट पुरतो. पण केसपेपरवर तसे लिहिलेले नसते, आणि आपल्या मनाने बदलली व काही झाले तर जाब सिस्टरलाच विचारतात. नवे मॉनिटर येतात तेव्हा फीत कापली जाते, फोटो निघतात, कंपनीचा माणूस एक दिवस शिकवून जातो. शिकलेल्या सिस्टरची पुढे बदली होते, आणि नवीला फक्त आवाज बंद करायचे बटण ठाऊक असते.

उन्हाळ्यात निराळीच तऱ्हा. पारा ४५ च्या वर, वॉर्डातला एसी नावापुरता. घामाने छातीवरचे इलेक्ट्रोड, म्हणजे मॉनिटरच्या वायरी जोडायच्या चिकट चकत्या, सुटतात. नवे मागवले तर ‘स्टॉक नाही’, म्हणून वाळलेलेच चिकटपट्टीने पुन्हा डकवतात. पडद्यावर वेडीवाकडी रेघ उमटते आणि मशीन ती हृदयाची गडबड समजते. रोज कातडी पुसून नवे लावले तरी निम्मा गोंगाट कमी होईल.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात ७७ आयसीयू खाटांवरचे ३१ दिवसांचे अलार्म मोजले, तेव्हा ते पंचवीस लाखांवर भरले. त्यातले कानावर पडणारेच दर खाटेमागे दिवसाला १८७. हृदयाच्या लयीचे जे बारा हजारांवर अलार्म तपासले, त्यांतले जवळपास ८९ टक्के खोटे निघाले. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या तिथल्या जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३ मध्ये अलार्मबाबत इशारा दिला तो साडेतीन वर्षांतल्या अलार्मशी संबंधित ९८ घटना पाहून, आणि त्यांतल्या ८० मध्ये रुग्ण दगावले होते. तिकडे आयसीयूत एका नर्सकडे एक-दोनच पेशंट असतात. आपल्याकडे रात्रपाळीला सहा-सात खाटांना एक सिस्टर, आणि दारातून कुणी ओरडत असते, ‘सिस्टर, मशीन कवाची वाजून राह्यली, पाहा ना!’ कान मेलेले नसतात तिचे. आधीच्या शंभर हाकांना धावून ती रिकाम्या हाताने परतलेली असते.

आवाज कमी करून ठेवणे हा उपाय नव्हे, ते फार धोक्याचे. सकाळच्या राउंडला डॉक्टर औषधांचे डोस लिहितात, तिथेच त्या पेशंटपुरती नाडीची आणि ऑक्सिजनची मर्यादा लिहावी. इलेक्ट्रोड सलाइनसारखे नेहमीच्या मागणीत धरावेत. यासाठी वेगळा निधी लागत नाही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक सिस्टर, हे मात्र शासनाने जागा भरल्याशिवाय व्हायचे नाही.

आणि एक विनंती आपल्या वार्ताहरांना. पुढची अशी बातमी करताना त्या रात्री एका सिस्टरकडे किती खाटा होत्या आणि मॉनिटरवर मर्यादा किती लावली होती, एवढे विचारून छापावे.

– एक निवृत्त परिचारिका, जि. यवतमाळ