लग्नाचा कायदा म्हणजे फक्त दिल्लीचे काम, हे खरे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या किम डेव्हिस या माजी काउंटी क्लार्कची (विवाह परवाने देणाऱ्या अधिकाऱ्याची) याचिका ऐकण्यास तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 10 नोव्हेंबर 2025 रोजी नकार दिला. समलिंगी जोडप्यांना विवाह परवाना नाकारल्याबद्दल 2015 मध्ये तिला तुरुंगात जावे लागले होते. या विषयावर आपल्याकडे बोलणे निघाले की एकच वाक्य कानावर येते : समलिंगी विवाहाचा हक्क त्यांच्या कोर्टाने दिला, आपल्या कोर्टाने नाकारला, विषय मिटला. हे दोन्ही बाजूंनी अर्धवट आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

अमेरिकेत विवाहाचा कायदा मुळात राज्यांचा. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने नोव्हेंबर 2003 मध्ये निकाल दिला आणि 17 मे 2004 पासून तिथे असे विवाह लागू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत 11 राज्यांच्या मतदारांनी बंदीच्या तरतुदी मंजूर केल्या. कॅलिफोर्नियात मे 2008 मध्ये न्यायालयाने दिलेला हक्क नोव्हेंबरमध्ये मतपेटीतून काढून घेतला गेला. आयोवात 2009 मध्ये सर्व न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, तर पुढच्याच वर्षी त्यांतल्या ज्या तिघांना मतदारांपुढे जावे लागले ते तिघेही घरी बसले. उलट न्यूयॉर्कमध्ये 2011 साली सिनेट रिपब्लिकनांच्या ताब्यात असूनही कायदा 33 विरुद्ध 29 मतांनी झाला. त्या पक्षाच्या चौघांनी बाजूने मत दिले. मेनमध्ये 2009 चा कायदा मतदारांनी मोडला आणि 2012 मध्ये मतदारांनीच मंजूर केला. हा हक्क देणारा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा देशव्यापी निकाल 5 विरुद्ध 4 असा निसटता लागला खरा, पण तोवर तीसहून अधिक राज्यांत हे विवाह होत होते. जमीन आधी राज्यांनी नांगरली होती.

काम अजून चालूच आहे. 2022 च्या केंद्रीय कायद्यानुसार एका राज्यात झालेला विवाह दुसऱ्याने मानलाच पाहिजे. मात्र 2015 चा निकाल उद्या फिरला तर नवे परवाने द्या, अशी सक्ती त्यात नाही. अनेक राज्यांच्या घटनांमधली जुनी बंदी तशीच पडून आहे. म्हणून तर कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि हवाईच्या मतदारांनी नोव्हेंबर 2024 मध्ये आपापल्या घटनेतला जुना मजकूर काढून टाकला.

आता आपल्याकडे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या समलिंगी विवाहावरील 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे म्हटले, नागरी सहजीवनाची (लग्नाऐवजी कायद्याने मानलेल्या जोडीदारीची) मागणी 3 विरुद्ध 2 अशी फेटाळली आणि प्रश्न कायदेमंडळाकडे सोपवला. फेरविचार याचिकाही जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. पण कायदेमंडळ म्हणजे एकटी संसद नव्हे. विवाह आणि घटस्फोट हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, पाचव्या नोंदीत आहेत, म्हणजे त्यांवर केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात. राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर अनुच्छेद 254(2) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती घेऊन तो त्या राज्यापुरता चालतो.

खान्देशला तरी हे नवे वाटू नये. हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्यास मनाई करणारा मुंबई प्रांताचा कायदा 1946 चा, घटस्फोटाचा 1947 चा. पूर्व आणि पश्चिम खान्देश मुंबई प्रांतात असल्याने दोन्ही इथे लागू झाले. मध्य प्रांतातल्या बऱ्हाणपूरला ते लागू नव्हते. देशाचा हिंदू विवाह कायदा आला 1955 मध्ये. पुढे 1967 साली तामिळनाडूने त्याच कायद्यात 7-अ हे कलम घालून भटजीविना लागलेले स्वाभिमान विवाह वैध केले, आधी लागलेल्यांसह. उत्तराखंडने तर 2024 मध्ये विवाहाचा अख्खा कायदाच केला. त्यात लिव्ह-इनची नोंदणी स्त्री-पुरुषांपुरतीच ठेवली हे आम्हाला मान्य नाही, पण राज्याला अधिकार नाही हे म्हणणे त्यानंतर टिकत नाही.

खरी अडचण सातबाऱ्यावर दिसते. रावेर किंवा यावलमधल्या केळीच्या शेताचा मालक विवाहित असेल, तर त्याच्या पश्चात मृत्यू दाखला आणि अर्ज दिला की गाव नमुना सहा-क मध्ये वारसाची नोंद होते, फेरफार पडतो, हरकती मागवून मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. बायकोचे नाव आपसूक लागते. पंधरा-वीस वर्षे सोबत राबलेला समलिंगी जोडीदार मात्र या साखळीत कुठेच नाही. मृत्युपत्र करा, असा सल्ला लोक सहज देतात. पण जोडीदार शेतकरी नसेल तर कुळवहिवाट कायद्याचे कलम 63 (परवानगीविना बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देण्यास मनाई) आडवे येते. गुजरातमधल्या प्रकरणात, याच 1948 च्या कायद्यावर, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले की बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्रानेही शेतजमीन देता येत नाही. हयातीत बक्षीसपत्र करायचे तरी परवानगीचा अडसर तोच, आणि खर्च वेगळा : राहते घर वा शेतजमीन नवरा-बायको, मुले, नातवंडांना दिल्यास मुद्रांक शुल्क 200 रुपये, जोडीदाराला दिल्यास परक्याच्या दराने. शिवाय परक्याकडून वर्षात 50,000 रुपयांवर मिळालेली भेट प्राप्तिकरास पात्र.

यातला प्राप्तिकर केंद्राचा. पण अशा दस्तांचे मुद्रांक शुल्क आणि शेतजमीन हे राज्याचे विषय आहेत. त्यांना राष्ट्रपतींची संमती नको, लग्नाच्या व्याख्येला हात लावायला नको. मुद्रांक कायद्याच्या, बक्षीसपत्राचे शुल्क ठरवणाऱ्या अनुच्छेद 34 मध्ये नोंदणीकृत सहजीवनातील जोडीदार जोडावा, कलम 63 मध्ये त्याच्यापुरता अपवाद करावा, आणि दुय्यम निबंधकाकडे अशा सहजीवनाचा करार नोंदवण्याची सोय करावी. मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये तामिळनाडू सरकारला अशाच कराराची सूचना केली होती. केंद्राने 2023 मध्ये समलिंगी विवाहावर राज्यांची मते मागवली तेव्हा महाराष्ट्राने अधिक वेळ मागितला. तो वेळ कशात गेला, हा प्रश्न खान्देशच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात विचारावा. खासदार सुप्रिया सुळे यांनी 2022 मध्ये समलिंगी विवाहासाठी विशेष विवाह कायद्यातील दुरुस्तीचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. विधानसभेतही असे विधेयक मांडायला कोणाचीच आडकाठी नाही, पक्ष कुठलाही असो.

तोपर्यंत जोडप्यांनी एवढे तरी करावे. बँकेत संयुक्त खाते उघडता येते आणि जोडीदाराला नॉमिनी करता येते, असे अर्थ मंत्रालयाने 28 ऑगस्ट 2024 च्या पत्रात स्पष्ट केले आहे. शाखेत अडवले तर त्याची प्रत दाखवावी. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. विम्यात 2015 च्या दुरुस्तीने लाभार्थी नॉमिनीचा (रक्कम स्वतःची म्हणून ठेवू शकणाऱ्याचा) दर्जा आई-वडील, पती-पत्नी आणि मुलांनाच मिळाला. जोडीदाराला मिळालेल्या रकमेवर वारस दावा सांगू शकतात. म्हणून खाते, विमा, घर यांचा एकेक उल्लेख करून मृत्युपत्र करावे. दोन साक्षीदारांच्या सह्या सक्तीच्या आहेत, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असली तरी करूनच घ्यावी. शेतजमीन असेल, तर जोडीदाराच्या नावावर कुठे सातबारा आहे का हे आधी तपासावे आणि मगच मृत्युपत्राचा मसुदा करायला बसावे.

— दिवाणी व कौटुंबिक दावे चालवणारे काही वकील, जळगाव