मनूला घरी बोलावू नका

मुलुंड, मुंबई

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

मनूचा एलएलबीचा निकाल लागल्यापासून आपल्या फोनवर एकच विषय चालू आहे आणि फोनवर तो काही नीट होत नाही. बाबा, तुमचं म्हणणं मला पटत नसलं तरी कळतं. मुंबईत कुणा वकिलाच्या हाताखाली जवळजवळ फुकट राबण्यापेक्षा तिने चिपळूणला यावं, दोन वर्षं शांतपणे अभ्यास करावा आणि जजची परीक्षा द्यावी. आई, तुझ्या मनात त्याच्या पुढचंही काही आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. दोघं मिळून वाचा.

घरी बसून परीक्षा द्यायचा रस्ता आता बंद झाला आहे. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजे आपण ज्याला जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) म्हणतो, त्या पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली हवीच, असा निकाल सुप्रीम कोर्टाने 20 मे 2025 ला दिला. ही अट पूर्वीही होती. 2002 मध्ये ती काढली गेली आणि नवे पदवीधर थेट अर्ज करू लागले. त्या बाजूच्या पोराने पहिल्याच फटक्यात परीक्षा काढली, हे तुम्ही सांगता ते त्या काळातलं. न्यायाधीशांना पहिल्या दिवसापासून लोकांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांवर निर्णय द्यायचे असतात आणि पुस्तकातून ते येत नाही, हे कोर्टाचं कारण. मला ते शंभर टक्के पटतं.

तीन वर्षं मोजायची ती तात्पुरत्या सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, तारखेपासून. त्यामुळे मनूने आज करायचं पहिलं काम म्हणजे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा इथे सनदेचा अर्ज. जेवढे महिने अर्ज लांबेल तेवढे महिने तिचे तीन वर्षांतून गेले. नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गाला 750 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे, तेव्हा पैशांची काळजी नको. सनद मिळाल्यावर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची असते. शंभर प्रश्न, टिपणं नसलेले कायदे सोबत नेता येतात, खुल्या प्रवर्गाला 45 टक्के पुरेत. ती अवघड नाही, पण पुढे ढकलत राहणारे अडकतात.

आता ज्यात मुलं खरी फसतात ते. तीन वर्षं वकिली केली हे सिद्ध करावं लागतं. किमान दहा वर्षं वकिली असलेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायाधीशांची मोहोर लागते. बरेच ज्युनिअर तीन वर्षं सिनिअरच्या फायली उचलतात, तारखा घेतात, टाइप करतात, आणि कागदावर त्यांचं नाव कुठेच नसतं. म्हणून मनूला मी सांगितलं आहे की पहिल्या दिवसापासून वकीलपत्रावर स्वतःचं नाव आणि सनद क्रमांक टाकायचा. ज्या दिवशी ती कोर्टापुढे उभी राहील त्या दिवशीच्या रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) नाव आलं की नाही ते संध्याकाळी बघायचं, आणि नक्कल विभागातून सही-शिक्क्याची नक्कल काढून वर्षवार फायलीत लावायची. सिनिअर बदलायचा झाला तर आधीच्या सिनिअरकडून तारखांसह पत्र घेऊनच निघायचं. नंतर मागायला गेलं की माणसं भेटत नाहीत.

बाबा, तुम्हाला ती हायकोर्टात मोठ्या वकिलाकडे असावी असं वाटतं. फोर्टमधली ती इमारत पाहिली की कुणालाही वाटेल. पण जिला मॅजिस्ट्रेट व्हायचं आहे तिने मॅजिस्ट्रेट कोर्टात आणि सिटी सिव्हिल कोर्टात बसलं पाहिजे. हायकोर्टात बहुतेक काम याचिका आणि अपिलांचं. साक्षीदार पिंजऱ्यात उभा आहे आणि उलटतपासात त्याचा शब्द घसरतोय, हे तिथे क्वचित दिसतं. सीएसएमटीहून चालत जाता येईल असं किल्ला कोर्ट, इथलं मुलुंडचं कोर्ट, कुर्ला, अंधेरी, यांपैकी एखादं पहिलं वर्ष. दुसऱ्या वर्षी दिवाणी दावे. भाड्याच्या भांडणांसाठी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात काही महिने काढले तरी मालमत्तेचा कायदा अंगवळणी पडेल. न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम तीन वर्षांत धरतात, पण माझं मत विचाराल तर तिने उभं राहून युक्तिवाद करायला शिकावं.

हे किती उपयोगाचं आहे ते एका गोष्टीवरून सांगते. पोलीस अटक केलेल्या माणसाला घेऊन येतात आणि कोठडी मागतात, याला रिमांड म्हणतात. मॅजिस्ट्रेटच्या हातात तेव्हा रिमांडचा अर्ज, केस डायरी आणि काही मिनिटं असतात. त्यात पाहायचं असतं की अटक किती वाजता झाली, स्टेशन डायरीतली वेळ आणि अर्जातली वेळ जुळते का, प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत आणलं का, वैद्यकीय तपासणी झाली का, अंगावर जखमा आहेत का, मारहाणीची तक्रार आहे का. अटकेची कारणं त्या माणसाला त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, आणि आधी देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास दिली पाहिजेत, असं सुप्रीम कोर्टाने 6 नोव्हेंबर 2025 ला सांगितलं. ते प्रकरण मुंबईतलंच होतं. नाही दिली तर अटकच बेकायदा ठरते. पुढचा प्रश्न पोलीस कोठडी किती दिवस. एकूण पंधराच दिवस मिळतात, पण नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्या-तुकड्यांनीही मागता येतात, त्यामुळे आधी किती वापरले याची बेरीज मॅजिस्ट्रेटनेच ठेवायची. ‘तपास बाकी आहे’ एवढ्या एका ओळीवर कोठडी द्यायची नसते. काय जप्त करायचं आहे, कुणाला समोरासमोर बसवायचं आहे, ते विचारायचं. ही विचारायची हिंमत वर्षभर दुपारच्या रिमांडला मागच्या बाकावर बसून येते. क्लासच्या नोट्समध्ये ती नसते.

चेक न वटल्याच्या तक्रारींचंही तसंच. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती पोचल्यापासून 15 दिवसांची मुदत, नंतर एका महिन्यात तक्रार. पुस्तकात एक परिच्छेद. प्रत्यक्षात 5 मार्चला नोटीस पोचली असताना कुणीतरी 18 मार्चला तक्रार दाखल करतो, आणि मुदत संपायच्या आधी आल्यामुळे ती टिकतच नाही. अशी एक फाइल हातून गेली की चेकचं ते कलम 138 जन्मात विसरत नाही.

अभ्यास आठवड्यातले पाच दिवस सकाळी दोन तास आणि रविवार पूर्ण, एवढा कामासोबत होतो. पूर्व परीक्षा 100 गुणांची, फक्त चाळणी. मुख्य परीक्षेला शंभर-शंभर गुणांच्या दोन लेखी उत्तरपत्रिका, एक दिवाणी कायद्यांची, एक फौजदारीची, आणि शेवटी 50 गुणांची मुलाखत. यादी लागते ती मुख्य आणि मुलाखतीच्या बेरजेवर. मुलं पूर्वपरीक्षेच्या प्रश्नसंचांत सगळा जीव ओततात आणि मुख्यला तीन तास हाताने लिहिता येत नाही म्हणून मागे पडतात. रविवारी घड्याळ लावून एक पूर्ण उत्तरपत्रिका लिहायची, हा माझा आग्रह आहे.

फौजदारीत सध्या दुप्पट ओझं आहे. 1 जुलै 2024 पासून नवे तीन कायदे लागू झाले, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंडसंहिता लागते, म्हणून कोर्टात दोन्ही चालतात. घोटाळा कसा होतो पाहा: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 482 म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, नव्या संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन. तिने दोन रकान्यांचा तक्ता करून कपाटाच्या दाराला चिकटवला आहे.

मराठीची गोष्ट राहिली. मुंबईत बरंचसं कामकाज इंग्रजीत चालतं. तिची नेमणूक मात्र एखाद्या तालुक्याला होईल आणि तिथे दावा, कैफियत, हुकूमनामा, दरखास्त, ताकीद, सगळं मराठीतच असेल. आपल्या घरातले जुने खरेदीखताचे आणि फेरफाराचे कागद तिला वाचायला द्या. बाबा, सातबारा कसा वाचायचा हे तुमच्याइतकं चांगलं तिला इथे कुणी शिकवणार नाही. गणपतीत ती येईल तेव्हा दोन दिवस त्यासाठी ठेवा.

निवड झाल्यावर लगेच खुर्ची मिळत नाही. त्याच 2025 च्या निकालाप्रमाणे कोर्ट चालवायला बसण्याआधी किमान एक वर्षाचं प्रशिक्षण आहे. आपल्याकडे न्यायिक अकादमी भाईंदरजवळ उत्तनला आहे. मूळ वेतन 77,840 रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. पोस्टिंग घराच्या जवळ मिळेल ही आशा ठेवू नका, आणि साधारण तीन वर्षांनी बदली धरूनच चाला.

आई, आता तुझं. अर्जासाठी वकिलांना वयाची कमाल मर्यादा खुल्या प्रवर्गात 35 आहे. मनू चोवीसची आहे. तीन वर्षं वकिली आणि दोन प्रयत्न धरले तरी तिच्या हातात वेळ आहे. स्थळं बघायची तर बघ, पण समोरच्यांना दर तीन वर्षांनी होणारी बदली आधी सांगून बघ. आणि लग्न झालं तरी निवड होईपर्यंत तिने कागदावरचं नाव बदलू नये. दहावीचं प्रमाणपत्र, पदवी, सनद आणि अर्ज यांत नाव वेगवेगळं निघालं की पडताळणीत राजपत्र आणि प्रतिज्ञापत्रांमागे धावावं लागतं.

तुम्हा दोघांना एक मागणं. ती जज झाली की गावातले लोक तुमच्याकडे येतील. कुणाचा बांध, कुणाचा जामीन. ‘एकदा मनूच्या कानावर घाला’ म्हणतील. एकही निरोप घेऊ नका, आणि कुणी आंब्याची पेटी आणली तरी ओटीवरूनच परत पाठवा. एक तक्रार हायकोर्टाकडे गेली तर चौकशी तिची होते, तुमची नाही. आतापासूनच ‘आमची मुलगी जज होणार’ हे बोलणं बंद केलंत तर तिच्यावरचं दडपणही उतरेल.

पैशांचं म्हणाल तर राहणं-जेवण माझ्याकडे आहे. लोकलचा पास, कायद्यांची पुस्तकं आणि काळा कोट, एवढाच तिचा खर्च. पहिलं वर्षभर सिनिअर देईल त्यात तो जेमतेम भागेल. कमी पडलं तर मी बघते.

तुम्ही एवढंच करा. लोखंडी कपाटातल्या वरच्या कप्प्यात तिचं दहावीचं मूळ प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र आहे. ते स्पीड पोस्टाने पाठवा, झेरॉक्स चालणार नाही. अधिवास सापडला नाही तर सेतू केंद्रात नवीन मिळतो, त्याला तुमचा रहिवासाचा पुरावा लागेल. सोमवारी पाकीट टाकलंत तर त्याच आठवड्यात आम्ही सनदेचा अर्ज भरतो.

तुमची,
ज्योती