मृगाच्या आत गावचं दुकान पुन्हा उघडायचं आहे

समस्त गावकरी, मुंबई-पुण्याची चाकरमानी मंडळी आणि माहेरवाशिणींनो, सप्रेम नमस्कार.

शिमग्याला जे आले त्यांनी पाहिलंच असेल, तिठ्यावरचं दुकान बंद आहे. दिवाळीनंतर काकांनी फळ्या लावल्या त्या लावल्याच. वय झालं, गुडघे धरले, मुलानं पनवेलला बोलावून घेतलं. त्यांना कोणी बोल लावू नये. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, माडा-पोफळींबरोबर विजेचे खांब आडवे झाले आणि दापोलीचा रस्ता बंद पडला, तेव्हा मेणबत्त्या, काडेपेट्या आणि मीठ याच दुकानातून घरोघर गेलं. पैसे कोणाकडे मागितले नाहीत. त्या दिवसांतली उधारी अजून त्यांच्या वहीत तशीच आहे.

आता किलोभर साखर हवी असली तरी दापोली गाठावी लागते. सकाळची एक एसटी, नंतर थेट संध्याकाळची वस्तीची. मधल्या वेळेत परतायचं तर रिक्षाचं भाडं आणलेल्या सामानापेक्षा जास्त होतं. ज्याच्या दारात मोटरसायकल आहे त्याचं भागतं. पण गावात मागे राहिलेत कोण? बहुतेक म्हातारी माणसं, आणि त्यांतही एकट्या बायका जास्त.

माघ महिन्यातली गोष्ट. खालच्या वाडीतल्या आजी सकाळी तिठ्यावर उभ्या होत्या. पदराच्या गाठीत दहा-वीसच्या नोटा, हातात कापडी पिशवी. कॉलेजला जाणाऱ्या एका मुलाला थांबवून त्या सांगत होत्या : पावशेर साखर, चहापावडरची छोटी पुडी, एक काडेपेटी. मुलगा गुणी, त्यानं सगळं आणलं. पण त्या संध्याकाळी वस्तीची गाडी आलीच नाही, तो दापोलीत मामाकडे राहिला आणि पिशवी दुसऱ्या दिवशी पोचली. आम्ही विचारपूस करायला गेलो तर आजी म्हणाल्या, "आता बरा हाय, पोरगा जातो. पावसात कसा व्हायचा?"

त्या प्रश्नामुळेच हे आवाहन लिहायला बसलो. दुकानाशिवायचा हा आमचा पहिला पावसाळा असणार आहे. पऱ्ह्याला पाणी चढलं की साकवावरून पलीकडे जाता येत नाही, आणि खालची वाडी एक-दोन दिवस तुटते. आगोटीची बेगमी करायची आपली रीत आहे, पण महिनाभराचं सामान एकदम भरायला हातात तेवढी रक्कम लागते. श्रावणबाळ योजनेच्या पैशावर घर चालवणाऱ्या बाईनं ती आणायची कुठून? रेशनवर तांदूळ-गहू मिळतात. तेल, मीठ, साबण, चहा विकतच घ्यावा लागतो.

दुसऱ्या कोणी दुकान चालवायला घ्यावं म्हणून ग्रामविकास मंडळानं खटपट केली. दोघांनी येऊन पाहिलं आणि नाही म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे. साखर, तेल, पीठ यांवर फार थोडं सुटतं. गावात निम्म्या घरांना वर्षातले दहा महिने कुलूप असतं. घरं उघडतात ती मे महिन्यात, गणपतीत आणि शिमग्याला, आणि तेव्हा सामान मुंबईहूनच गाडीत भरून येतं. एवढ्या उलाढालीवर एका माणसाचा संसार चालत नाही. पण वीजबिल, गाडीभाडं आणि नासधूस एवढं नक्की भागतं. म्हणजे पगार घेणारा कोणी नसेल, गावानंच पाळीपाळीनं बसायचं ठरवलं, तर दुकान टिकतं. मंडळाच्या आणि महिला बचत गटाच्या बैठकीत तीन वेळा हिशेब मांडला, तिन्ही वेळा उत्तर हेच आलं.

हे आपल्याच डोक्यातून निघालेलं खूळ नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथं १८४४ साली २८ जणांनी, त्यांत बरेच विणकर होते, पैसा पैसा जमवून दुकान काढलं. पहिल्या दिवशी मांडायला लोणी, साखर, पीठ आणि थोड्या मेणबत्त्या एवढंच होतं. पुढं जगभर ग्राहकांच्या सहकारी संस्था झाल्या त्या त्याच वाटेनं. आजही ब्रिटनमधल्या तीनशेहून जास्त खेड्यांत गावानं मिळून चालवलेली दुकानं आहेत. बऱ्याच ठिकाणी एखादा पगारी माणूस आणि बाकी पाळीनं येणारे गावकरी. आपल्याकडे १९४८ मध्ये मुंबईच्या नायगावात अपना बाजार सुरू झाला तो गिरणगावातल्या कामगारांसाठीच, आणि त्या कामगारांत आपल्या कोकणातले किती होते हे तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना विचारा. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचं सामान वाटतात. तुमच्यातल्या काहींच्या घरी ते येतही असेल.

आपली व्यवस्था अशी. दुकान सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास उघडं राहील. प्रत्येक पाळीला दोघं, त्यातलं एक बचत गटाचं. अठरा जणांनी नावं दिली आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, दोन कोळीणबाई आहेत, बारावी झालेल्या तीन मुली आहेत. गल्ला रोज दोघांच्या सहीनं मोजला जाईल आणि महिन्याचा जमाखर्च देवळाच्या फळ्यावर लागेल. औषधं विकायला परवाना लागतो, ती आपण विकणार नाही. पण डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जमा करून आठवड्यातून दोनदा दापोलीहून औषधं आणून देऊ. गावातल्या बायकांची आमसुलं, आगळ, कुळथाचं पीठ, नाचणी, काजूगर यांना एक खण राखून ठेवलाय. सुक्या मासळीचे डबे पडवीच्या दुसऱ्या टोकाला, नाहीतर चहालाही जवळ्याचा वास लागायचा.

सगळ्यात जास्त वाद झाला तो उधारीवर. जुनं दुकान उधारीनंच खचलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि रॉचडेलवाल्यांचाही नियम रोखीचा होता. पण पेन्शन उशिरा आली म्हणून म्हाताऱ्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवणं आपल्याला जमणार नाही, जमूही नये. शेवटी ठरलं ते असं : घरटी पाचशे रुपयांपर्यंत उधार, नोंद दुकानाच्या वहीत आणि तशीच गिऱ्हाइकाच्या कार्डावर, जुनं फिटल्याशिवाय नवं नाही. आणि कोणाची उधारी किती, हे पाळीवरच्या माणसानं बाहेर बोलायचं नाही. बोललं तर त्याची पाळी बंद.

जागेची सोय झाली आहे. तिठ्याजवळच्या एका बंद घराची पडवी तिच्या मालकांनी पाच वर्षांसाठी बिनभाड्यानं दिली आहे. त्यांचे उपकार शब्दांत मावणारे नाहीत. चिऱ्याच्या भिंती भक्कम आहेत, पण वानरांनी कौलं फोडलीत आणि मागच्या भिंतीला ओल आहे. आपल्या पावसात मीठ-साखरेला पाणी सुटतं, डाळीला बुरशी येते, आणि उंदीर-घुशी आहेतच. म्हणून छप्पर आणि भिंत यांना ६०,००० रुपये. फळ्या, घट्ट झाकणाचे डबे आणि पडताळणी शिक्क्याचा वजनकाटा यांना ३५,०००. पहिला माल भरायला १,२५,०००. एकूण २,२०,०००. गावानं आतापर्यंत ४८,००० जमवले आहेत, त्यात आजींच्या पदराच्या गाठीतले पन्नास रुपयेही आहेत. अजून १,७२,००० हवेत.

जमेल तेवढे द्या, शंभर रुपयेही चालतील. प्रत्येकाला मंडळाची पावती मिळेल. दुकानानं एक वर्ष तग धरला की १९६० च्या सहकार कायद्याखाली ग्राहक संस्था म्हणून नोंदणी करायचा विचार आहे. त्याला वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागतात, ती आपल्याकडे आहेत.

चाकरमान्यांना आणखी दोन गोष्टी मागायच्या आहेत, आणि त्या पैशांपेक्षा मोठ्या आहेत. गणपतीला येताना सामान मुंबईहून आणू नका. महिनाभर आधी यादी पाठवा, रवा-गुळापासून कापूर-उदबत्तीपर्यंत सगळं बांधून तयार ठेवू. तुमच्या त्या दहा दिवसांच्या खरेदीवर दुकानाचे पावसाळ्यातले रिकामे दिवस निघतील. आणि सुट्टीत आलात की एक पाळी घ्या. मुलांनाही बरोबर बसवा. तराजूत तांदूळ कसे टाकायचे ते त्यांना आमच्या कोळीणबाई शिकवतील.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी कौलं चाळायला घेतोय. जे गावात असतील त्यांनी कोयता, घमेलं, शिडी जे असेल ते घेऊन यावं. जेवण बचत गटाकडे आहे. पैसे पाठवायचा तपशील आपापल्या वाडीप्रमुखांकडे मिळेल. ज्यांच्याकडे जुनं लोखंडी कपाट किंवा चालू स्थितीतला छोटा फ्रिज असेल त्यांनी आधी कळवावं, गावाकडे येणाऱ्या टेम्पोत जागा ठेवतो.

आपले,
ग्रामविकास मंडळ आणि महिला बचत गट